मागघरास लाकडी जमीन घातली त्याची हकीकत

श्रीसिद्धरामेश्वराचे पायी मस्तक ठेवून, शके अठराशे अठ्ठ्याण्णव, नलनाम संवत्सरी सोलापूर शहरी जे महत्कृत्य जाहले ते लिहितो; वाचणाराने पाय पुसून आत यावे.

राजश्री महादेवप्पा, गिरणीतील जॉबर म्हणजे कामगारांवरील मुकादम, यांचे घरी मागघर म्हणोन जुनी खोली. पूर्वी तेथे हातमाग चालत, आणि विणकराने पाय सोडून बसावे म्हणोन जमिनीत खड्डे होते. माग मोडीत निघाले, खड्डे राहिले. कारण मातोश्री ईरम्मा यांचे फर्मान की, ज्या खड्ड्यांनी पोट भरले त्यांत माती लोटणे नाही. आणि निजणे त्याच खोलीत, आणि खालोन ओल ऐसी की सकाळी अंथरूण पिळावे, आणि राजश्रींच्या बाईसाहेब सोजरबाई यांचे गुडघे धरले, मग त्या एके दिवशी ट्रंक उचलोन केम गावी माहेरी गेल्या आणि निरोप ठेविला की, जमीन कोरडी होय तोवर परतणे नाही. खावंद महादेवप्पांचे तोंडचे पाणी पळाले. त्यांनी स्वहस्ते थापलेली भाकरी गल्लीतील कुत्र्यानेही हुंगून सोडली.

मग मसलत बसली. खड्डे बुजवावे तर मातोश्रींचा कोप, न बुजवावे तर संसार बुडाला. तेव्हा गुंडा मिस्त्री, हुन्नरात तालेवार आणि बढाईत त्याहून तालेवार, याने तजवीज सांगितली की, खड्ड्यांवरून तुळया टाकाव्या, वर सागवानी फळ्या ठोकाव्या, आणि खालची पोकळी कोरडी राहावी म्हणोन भिंतीस झरोके ठेवावे. हुकूम जाहला. सागवान आले, रंधे चालले, खिळ्यांची सरबत्ती जाहली, आणि जमीन ऐसी सजली की शेजारी चपला हाती घेऊन पाहावयास आले. खावंद मिशीस पीळ भरोन केमास सांगावा धाडणार, तो फळ्या फुगल्या. कडेने उठल्या, मध्ये पोट काढिले, खोलीत चालणे म्हणजे उंटावर बसणे जाहले. मिस्त्रीने भाद्रपदाचे पावसास दोष दिला, खावंदांनी मिस्त्रीच्या सात पिढ्यांस दिला. मग फळ्या उखडिल्या, वाळविल्या, मध्ये फटी राखोन पुन्हा ठोकिल्या, आणि पुन्हा फुगल्या. ऐसी नामुष्की वैऱ्यासही न येवो.

मग रोज सकाळी फळ्या ओल्या कशा, ऐसा संशय येऊन खावंद खासे पहाटे दाराआड दबा धरून बसले, आणि पाहतात तो मातोश्री तांब्या घेऊन आल्या आणि फटींतून खड्ड्यांत नेमाने पाणी शिंपडू लागल्या. विणकरांची ही जुनी चाल. कोरड्या हवेत सूत टिकत नाही, म्हणोन लग्न होऊन आल्यापासून सकाळचे पहिले काम हेच. माग गेले, हे हातांस कोणी कळविलेच नव्हते. खावंदांनी पुसले की, हे काय आरंभिले. त्या बोलल्या, "सूत तुटंल की रं."

आता काय करावे? गनीम घरातच, आणि गनिमानेच जन्म दिलेला! गिरणी डोक्यावर घेणारा जॉबर, पण त्याचे डोळे भरोन आले. मग पहिल्या गाडीने केमास जाऊन बाईसाहेबांपुढे हत्यार ठेविले की, फळ्या आहेत, ओलही आहे, ती आईच्या पहाटेच्या तांब्याची, आणि आईस बोलणे मजकडोन होणार नाही, तरी येणे असेल तर यावे.

"एवडंच हाय व्हय? मला वाटलं, मी गेल्याचं तुमाला कायच न्हाय," बाईसाहेब म्हणाल्या, आणि ट्रंक भरावयास घेतली.

घरी येताच त्यांनी सासूस ना रागे भरले, ना शहाणपण शिकविले. शेजारी बिरप्पा, त्याचा माग अद्याप चालता, आणि त्याची सून सूर्य डोक्यावर आल्याशिवाय उठत नाही, हे गल्लीस ठाऊक. बाईसाहेब सहज बोलल्या, "आत्याबाई, बिरप्पाचं सूत लई तुटतंय. तितं सकाळी शिंपडाया कोणच न्हाय." मातोश्रींनी पुढले ऐकिलेही नाही, तांब्या उचलिला आणि कूच केले. तेव्हापासोन रोज पहाटे बिरप्पाचा मुलूख त्यांचे अमलाखाली आहे, आणि ती सून पहाटेच उठते.

फळ्या बसल्या, झरोक्यांतून वारा खेळला, ओल हटली. येणेप्रमाणे मागघर फत्ते जाहले. विजय खावंदांचे नावे लिहावा ऐसी खावंदांची आज्ञा, ती शिरसावंद्य मानोन लिहिला. बाईसाहेबांची साक्ष घ्यावी म्हणोन आत गेलो, तो त्या नव्या जमिनीवर दुखरे गुडघे सरळ पसरून गाढ निजल्या होत्या, सबब जागे केले नाही.