बिब्ब्याचा टाक

माझ्या सत्यानाशाची सुरुवात एका फाटक्या सदऱ्यापासून झाली. जाहेदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, तो भांडी पुसायला काढला होता. कापडाची चाळण झालेली, रंग कधीच उडालेला. पण कॉलरच्या आत धोब्यानं बिब्ब्यानं घातलेली काळी खूण मात्र जशीच्या तशी. मी ओरडलो, "सापडनं!"

"काय सापडनं?" जाहेदानं विचारलं.

"मुन्शीजीना टाकना रंग!"

तिनं कपाळावर हात मारला. (आमच्या संसारात हे रोजचंच आहे.)

मी सत्तार खरादी. पलंगाचे पाय, पाळण्याचे दांडे, लाटणी, असली लाकडं फिरवून गोल करायची, हा आमचा नंदुरबारातला पिढीजात धंदा. सुरतेहून लोखंडी खाटा यायला लागल्यापासून पलंगाच्या पायांना कुणी विचारत नव्हतं. (लाटणी खपत होती. बायकांना हातात काहीतरी जड लागतंच.) पण माझं रडगाणं खाटांचं नाही, गुलशनचं आहे.

गुलशन माझी एकुलती एक लेक. ती पाळण्यात होती तेव्हाच मी तिच्या रुखवताच्या पलंगाचे चार पाय फिरवून ठेवले होते, लाल-पिवळ्या लाखेचे. तसं काम माझ्या हातून पुन्हा झालं नाही. पण लग्न काही जमेना. दोनदा ठरता ठरता मोडलं, आणि दोन्ही वेळा माझ्या जिभेमुळे. पहिल्या व्याह्याला मी त्याच्याच दारात सांगितलं, की तुमची चौकट वाकडी आहे. (होतीच वाकडी!) दुसऱ्याचं तर बोलायलाच नको.

आता तिसरं स्थळ आलं होतं, मुनव्वर मुन्शींच्या हबीबचं. मुलगा सालस, रेल्वेच्या मालधक्क्यावर कामाला. गुलशननं त्याला पडद्याआडून एकदा पाहिलं आणि त्या दिवशी वरणात दोनदा मीठ घातलं. आम्ही दोघांनी मुकाट्यानं ते खारट वरण खाल्लं आणि काय ते समजलो. हे मोडलं तर पोरगी पुन्हा उभी राहणार नव्हती.

मुन्शीजी कचेरीपुढच्या निंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहीत. गावात स्वदेशीचं वारं सुटलं तेव्हा त्यांनी विलायती होल्डर नाल्यात फेकला आणि मला म्हणाले, तुम्हीच लिहायला लाकडी टाक करून द्या. टाक करायला काय, बोटभर लाकूड! अडचण होती ती त्यांच्या सवयीची. लिहिताना ते टाकाचं टोक चावत, आणि अर्जाला शब्द सुचेना झाला की फारच चावत.

आधी मी जवसाचं तेल दिलं. मुन्शीजींना त्या वासानं जेवण जाईना. मग मेण चोळलं, ते उन्हात वितळून सरकारी कागदावर उतरलं. मग आमची खानदानी लाख. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवायची, ती घासून वितळते, वरून केवड्याचं पान दाबलं की कशी चकचकीत होते! मुन्शीजींनी तीही चावली आणि लालभडक ओठ घेऊन घरी गेले. त्यांच्या बायकोनं, अख्तरबानो भाभींनी, दारातच विचारलं, पान कुणी खाऊ घातलं? त्या घरात दोन दिवस चूल शांत होती म्हणे.

"सत्तारभाई," मुन्शीजी मला म्हणाले, "मंगनीले असा टाक द्या, का मी मरसू पन रंग जावाव नई."

म्हणून तो सदरा पाहून मी ओरडलो. बाजारातून बिब्बे आणले. जाहेदा चुलीजवळून उठलीच.

"गुलशनना अब्बा, बिब्बा उतस, फोड येतस! व्याहीना तोंडमा बिब्बा कोनी देस का?"

"मन्ही मानवर ती खूण इतला वरीस व्हती. मान उतनी का?"

"मानना येगळं, तोंडना येगळं."

"मी त्याले जवसना तेलमा उकाळसू. मंग तो काय उतस?"

माझं हे शास्त्र ऐकून ती पुन्हा चुलीपाशी जाऊन बसली. रंग मात्र असा बसला, की काय सांगू! काळाभोर, गुळगुळीत, पाण्यात ठेवा, उन्हात ठेवा, ढिम्म हलेना. मी तो टाक आठवडाभर मुठीत बाळगला. हाताला साधी खाज नाही. (माझे तळवे असे आहेत, की चुलीवरचा तवा उतरवायला जाहेदा फडकं शोधत नाही, मला हाक मारते.) तोंडाची परीक्षा राहिली होती, ती बकरीकडून करून घेतली. तिनं तो मन लावून चघळला. बकरी ठणठणीत, रंगही ठणठणीत! मुन्शीजींचं तोंड बकरीहून नाजूक असेल असं माझ्या मनातही आलं नाही. मंगनीच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, दोन दिवस आधीच मी तो टाक त्यांच्या हाती दिला.

मंगनीच्या शुक्रवारी नमाजानंतर पाहुणे आले. मुन्शीजी तोंडाला रुमाल गुंडाळून आले. दाढ दुखत असेल म्हणून मी सरबताचा पेला पुढे केला. त्यांनी रुमाल सोडला आणि पेला माझ्याच हातून सुटला. खालचा ओठ हनुवटीवर येऊन बसला होता, बोटांना चिंध्या बांधल्या होत्या. बोलणं त्यांना शक्यच नव्हतं. अख्तरबानो भाभींनी फडक्यात धरलेला टाक माझ्यापुढे ठेवला.

"सत्तारभाई, हाई काय शे?"

इथं कुठल्याही शहाण्या माणसानं पाय धरले असते. मी टाक धरला. उजेडाकडे फिरवून पाहिला. ठिकठिकाणी दात उमटलेले, पण रंगाचा टवकाही उडालेला नाही. आणि माझी जीभ सुटली.

"दखा! मुन्शीजीना ओठ गया, पन रंग गया नई!"

कुणी हसलं नाही. पाहुणे उठले. हबीब दारात घुटमळला, मग आईच्या मागून गेला. गुलशननं न प्यालेले सरबताचे पेले एकेक करून परत हंड्यात ओतले. तिनं मला शिव्या दिल्या असत्या, तरी बरं वाटलं असतं.

एवढ्यावर मी सुधारलो असं समजू नका. भेटेल त्याला मी सांगत सुटलो, की मुन्शीजींचं रक्तच गरम, आमच्या बकरीला काही झालं नाही! (हे वाक्य त्यांच्या घरी पोचायला वेळ लागला नाही.) तो टाक मी दुकानात ऐटीत कानावर खोचला, खरादी लोक पेन्सिल खोचतात तसा. दुसऱ्या दिवशी उठलो तर कान पुरीसारखा फुगलेला, आणि आग अशी की जीव नको झाला.

"काय लावू वं?" मी कळवळून विचारलं.

जाहेदा म्हणाली, "बकरीले इचार."

शेवटी गुलशननंच कानाला खोबरेल लावलं. लावता लावता एवढंच म्हणाली, "अब्बा, आते तरी जा."

गेलो. मुन्शीजींच्या दारात उभा राहिलो आणि तोंडानं काही न बोलता कान पुढे केला. (तोंडानं काय होतं ते तीनदा झालं होतं.) मुन्शीजी कानाकडे वाकले आणि एकदम हसले. हसताना सुजलेला ओठ फाटला, तसे "या अल्ला" म्हणून ओरडले आणि ओरडता ओरडता पुन्हा हसले. अख्तरबानो भाभींनी आम्हा दोघांनाही झाडलं, मग चहा ठेवला. लग्न ठरलं. अट एकच घातली भाभींनी.

"पोर द्या. तुम्हना हातनं लाकूड नको."

घरी येऊन सांगितलं तशी गुलशननं पलंगाच्या त्या पायांवरची धूळ ओढणीनं पुसली. मग मान हलवून "चाली" म्हणाली. हबीबसाठी ती उघड्या जमिनीवरही झोपली असती. खरादीची पोर गाडीत ठेवलेल्या सुरतेच्या लोखंडी खाटेवर बसून सासरी गेली आणि वाटेत ती खाट बघायला सगळं गाव जमलं.

घर भकास झालं. पलंगाचे ते पाय तेवढे उरले. मी त्यांवर पलंग जोडून मधल्या खोलीत मांडला आणि जाहेदाला म्हटलं, आता आपणच निजू या. ती दोन हात लांब उभी राहिली.

"पायस्ले काय लावेल शे?"

"लाख! नुसती लाख! पोर पाळणामा व्हती तधळनी!" मी चिडून पायावर हात फिरवून दाखवला.

"हात नई," जाहेदा म्हणाली. "कान लावा."

मी खाली बसलो आणि लेकीच्या पलंगाच्या पायाला कान लावला. जाहेदानं आपलं अंथरूण खाली जमिनीवर घातलं, दिवा मालवला आणि म्हणाली, "सकाळले दखसू."