इंडेंटशिवाय गॅस नाही

वानखेडेकाकांकडे चहा प्यायचा असेल तर आदल्या दिवशी चिठ्ठी द्यावी लागते. किती कप, किती वाजता, खाली सही. काका रेल्वेत स्टोअरकीपर होते. मागणीचा कागद, म्हणजे इंडेंट, हातात पडल्याशिवाय त्यांनी कुणाला साधा नटबोल्ट दिला नाही. ते निवृत्त झाले, त्यांची सवय नाही.

रायपूरच्या बूढापारा मोहल्ल्यात आमची घरं भिंतीला भिंत लावून आहेत, मागचं अंगण सामाईक. तिथं काकांनी गोबरगॅसची टाकी बसवली आहे, शेजारी गॅस साठायला मोठा रबरी फुगा आणि पायरीपाशी शेगडी. घरात सिलिंडर नाही. टाकीपाशी दोन बादल्या असतात. शेण आणि भाजीचे देठ ती मालगाडी. शिळा भात, उरलेला उसाचा रस, काळी पडलेली केळी ती एक्सप्रेस.

"गोडधोड टाकलं की दोन-चार घंट्यात गॅस निघते," काका समजावतात. "शेण आपलं रमतगमत येते. जशी डिमांड, तसा माल टाकाचा."

एवढं ठीक आहे. पण मी सहा वाजता ऑफिसातून डोकं धरून येतो आणि चपला काढायच्या आत भिंतीवरून आवाज येतो.

"उद्याचं इंडेंट?"

"काका, उद्या नाही येत मी."

"मंग तसं लिहून द्या. शून्य कप."

मी शून्य कप लिहून सही करून देतो. वाद घालायलाही अंगात त्राण लागतं.

दुसरा छळ पाण्याचा. काकांना फुग्यात गॅस उरलेला चालत नाही. जास्तीच्या गॅसवर ते पाणी उकळतात आणि वाटून टाकतात. मे महिन्यात, रायपूरच्या उन्हात भाजून निघालेल्या माणसाच्या दारात वाफाळती बादली येते. "घ्या, आंघोळीले." बायको म्हणते, घ्या हो, म्हातारं माणूस आहे. तिला काय जातं, आंघोळ मला करायची असते.

"उद्यासाठी ठेवा की," मी एकदा म्हणालो.

"उरवाचा नाही. लागते तेवढाच बनवाचा."

कुसुमकाकूंचा मात्र काही त्रास नाही. जरा विसरभोळ्या आहेत. चहाचा कप हातात देताना मला दर वेळी विचारतात, "पाऱ्यात नवीन आले का तुम्ही?" मी दर वेळी हो म्हणतो.

मागल्या महिन्यात आमच्याकडे भाचीच्या मुलीचं बारसं झालं. पातेलंभर भात उरला, वर गुलाबजामचा पाक. काका सदर बाजारात गेले होते. कचरागाडीपर्यंत जायचा मला कंटाळा आला. म्हटलं, काकाही खूश होतील. सगळं टाकीत ओतलं आणि आडवा झालो.

संध्याकाळी अंगणात आलो तर फुगा टम्म झाला होता. काका नुकतेच आलेले, डोक्यावर हेल्मेट तसंच. घरातलं सगळ्यात मोठं भगुणं त्यांनी शेगडीवर चढवलं होतं आणि दोन्ही बर्नर पेटवले होते.

"कोणी टाकलं?"

"मी. म्हटलं, फुकटात गॅस..."

"मले न इचारता काहून टाकलं?"

मीही दिवसभराचा वैतागलेलो. "थोडा गॅस उरला तर आभाळ कोसळणार आहे का, काका? सगळा पारा हसतो तुम्हाला."

काका पायरीवर बसले. हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं.

"हसू द्या. पहिले सिलिंडर होता ना आमच्याकडे. ही बटण फिरवे अन् माचिस पेटवाचं विसरे. दोनदा घर वासानं भरलं. मी बाजूच्या खोलीत पेपर वाचून राहिलो होतो. मंग मी स्वयंपाकघराले कुलूप लावलं, तर दिवसभर दारापाशी बसून रडली. म्हणे, माह्या घरात मलेच कुलूप काहून? आता जेवणापुरता, अन् कोणी येणार असलं की तेवढाच गॅस बनवतो. मी जवळ उभा राहतो, चहा तिच्याच हातचा होते. बाकीच्या टायमाले फुगा रिकामा. फिरवू दे किती फिरवते ते."

इतक्या वर्षांत आपण त्यांच्या चहाला नाही म्हणताना नेमकं कुणाला नाही म्हणत होतो, ते मला तेव्हा कळलं. माझी मलाच लाज वाटली. मी त्यांच्याजवळ बसलो. भगुण्यामागून भगुणं पाणी उकळत राहिलो. फुगा पार बसला, ज्योत बारीक होऊन विझली, तेव्हा काकांनी खांदे सैल सोडले.

तेवढ्यात कुसुमकाकू चहाचं पातेलं घेऊन शेगडीपाशी आल्या. बटण फिरवलं. या वेळी माचिसही ओढली. काही पेटलं नाही. त्यांनी काकांकडे पाहिलं.

"गॅस संपला वाटते. नंबर लावला का?"

"लावला. येऊन जाईल उद्या."

"बरं," काकू म्हणाल्या, आणि पदराला हात पुसत आमच्याजवळ पायरीवर येऊन बसल्या.