फरशीखालचा थर

अंगणातल्या फरशीखाली कोणता थर द्यावा आणि सांध्यांत काय भरावे, हा तांत्रिक प्रश्न आहे. तो बायकोला समजत नाही. मी बांधकाम खात्यात ओव्हरसियर. मलाही समजत नाही, पण खात्यात अशा न समजण्याला 'विचाराधीन' म्हणतात.

अठ्ठ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात आमच्या लेकीचे, चंद्रकलेचे, साक्षगंध झाले. लग्न माघात ठरले. मांडव अड्याळच्या आपल्याच अंगणात पडावा, एवढेच तिचे मागणे. पण ओव्हरसियरच्या दारी आलेले वऱ्हाड सारवलेल्या मातीवर बसणार? मी शहाबादी फरशी आणवली. सुखराम मिस्त्रीने अंगण हातभर खणले, फरश्या भोवताली रचल्या आणि विचारले, "खाली काय टाकू, सायेब? वाळू का मुरूम?"

"घाई नको," मी म्हणालो. वाळू वाहून जाते, मुरूम दबतो. सांध्यांत सिमेंट भरले तर तडकते, वाळू भरली तर मुंग्या उकरतात. मी कोपऱ्याकोपऱ्यांत नमुने टाकले आणि पावसाळ्याचा अभिप्राय मागवला.

पावसाने तो तुंबून दिला. पुष्पाबाई, म्हणजे आमची मंडळी, पदर खोचून म्हणाली, "आंगनाची धानाची बांधी करून ठेवली तुमी. पानी कायले वाया घालवाचं? धानच लावतो मी." आणि लावले. थर बसायला मदत होईल, असे मी नोंदवले.

पीक पाहायला तलाठी आले. "धान जोरदार हाये," म्हणाले आणि आमचे अंगण शेतजमीन म्हणून लिहून गेले. आता शेतात फरशी घालायची तर अकृषिक परवानगी हवी. मी अर्ज केला. तहसिलीने तांत्रिक अभिप्राय मागवला, आणि कागद फिरत फिरत माझ्याच टेबलावर आला: अर्जदाराने थर व सांधे निश्चित केले आहेत काय?

दुसऱ्या बापाने 'होय' लिहिले असते. मी कर्तव्यदक्ष. लिहिले, "अर्जदार अनिश्चित. प्रस्ताव परत."

"बाबा, मांडव आपल्याच आंगनात पडंल ना?" चंद्रकलेने विचारले.

"विचाराधीन आहे," मी म्हणालो. तिने पुन्हा विचारले नाही. ते मात्र मला फार लागले.

लग्न कोंढ्याला तिच्या मामाच्या सारवलेल्या अंगणात लागले. "जमीन कशी थंडगार हाये!" व्याही खूश झाले. पंगतीतला भात आमच्या अंगणातला होता. मी टाचेने जमीन ठोकून पाहिली. टणक, सपाट, सांधा एकही नाही.

हसा खुशाल. पण एकदा आपल्या अंगणात डोकावून या. तिथेही कसली तरी थप्पी योग्य निर्णयाची वाट पाहत असेल, आणि घरातले कुणीतरी तुम्हाला एकदाच विचारून गप्प झाले असेल.