नववी कुमारिका

अंबूताई छप्पन्न वर्षांची आहे आणि अजून दोन वेण्या घालते, लाल रिबिनीसकट. उंची चौथीतल्या मुलीएवढी. ती पाठमोरी उभी दिसली की शाळेचे रिक्षावाले हॉर्न देतात, आणि तिने वळून पाहिलं की दचकतात.

आमच्या गल्लीत ती साड्यांना फॉल लावून देते. हातात सुई आणि तोंडाचा पट्टा चालू. वेण्यांवरून कुणी चिडवलं की उत्तर ठरलेलं, “लगीन न्हाय झालं तवर पोरगीच की मी!”

तिच्या या हट्टानेच गेल्या नवरात्रात माझी अब्रू वाचवली. अष्टमीला आमच्याकडे नऊ कुमारिका जेवतात. पण त्या दिवशी एकेका पोरीला पाच-सहा घरची बोलावणी. चौथ्या घरी पोचेपर्यंत त्या पुरणपोळीकडे बघूनच ढेकर देतात. आठ कशाबशा जमल्या, नववीला ताप. अशा वेळी याआधी दोनदा अंबूताईनेच माझा नववा पाट भरला होता. पण त्या वर्षी मैंदर्गीहून सासूबाई आल्या होत्या. त्यांना हल्ली अंधुक दिसतं, पण सोवळं कडक आणि मोजणी पक्की.

मी मागच्या दाराने अंबूताईकडे पळाले. “सासूबाईंनी वय विचारलं तर?”

“धा सांगते. वैनी, तुमी भिऊ नगा.”

पाच मिनिटांत ती इस्त्रीच्या परकर-पोलक्यात हजर. इतक्यात ते तयार कसं, हे विचारायचं मला सुचलंही नाही.

“कितवीत हाईस बाळा?” सासूबाईंनी विचारलं.

“चौथीत,” अंबूताई बारीक आवाजात म्हणाली.

“सत्तावीसचा पाढा म्हण बगू.”

तिने घडाघडा म्हटला. “शाळेत अजून पाढे शिकवत्यात म्हनायचं!” सासूबाई खूश. शेजारची पिंकी फिस्सकन हसली. मी तिच्या तोंडात कडाकणी कोंबली.

जेवणाआधी सासूबाई एकेकीला जवळ घेऊन, गालावरून हात फिरवून, रुमाल देऊ लागल्या. अंबूताईच्या गालावर तो हात थांबला. पुन्हा फिरला. कपाळावर गेला. आता ही म्हातारी भरल्या पंगतीतून तिला हाकलणार.

“पोरी,” त्या हळूच म्हणाल्या, “तुला हळदीकुंकवाला कोन बोलावतं का गं?”

“न्हाय आई.” हा अंबूताईचा खरा आवाज होता.

“मलाबी न्हाय. आमचे मालक गेल्यापास्नं कुनी न्हाय.” मग त्या माझ्याकडे वळल्या. “सुमन, हिला म्होरल्या साली आदल्या दिशी बोलाव. ऐन टायमाला न्हाय.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन वर्षं मी तिला फक्त आकडा भरायला बोलावत आले होते.

“आन् माझं पान हिच्या शेजारी मांड.”

मी दहावं पान मांडलं. अंबूताईने सासूबाईंचा हात धरून त्यांना सावकाश पाटावर बसवलं आणि त्यांच्या पानातली पोळी मोडून त्यांच्या हातात दिली.