आधी एलिएझरने बोलायचं

एलिएझर आपटेकर मिठागराच्या कचेरीतून घरी आला तेव्हा दिवसभराचा राग त्याच्याकडे शिल्लक होता आणि खर्च करायला घरात कुणी नव्हतं. बायको, मिल्का, आईला भेटायला आपट्याला गेलेली. सकाळी साहेब ओरडले होते. दुपारी मजुरांचा म्होरक्या भगवान "मीठ वलं हाय तं आमी काय करू?" म्हणत अंगावर आला होता. येताना डॉक्टरांनी ब्लडप्रेशर पाहून बजावलं होतं, "आठवड्यात उतरलं नाही, तर अळणी जेवायचं." मिठाच्या राशींत नोकरी आणि पानात अळणी!

कचेरीतल्या कमळाकरने उपाय सांगितला होता. "संध्याकाळी ध्यान लाव. जोडे काढ, जमिनीवर बस, आरसा झाक, नाहीतर मन आपलंच तोंड बघत बसतं. आणि उदबत्ती विझेपर्यंत बोलायचं नाही. बोललास की सगळं फुकट!"

फुकट जाणं एलिएझरला कशातच खपत नसे. त्याने आरशावर मिल्काचं लुगडं टाकलं, उदबत्ती लावली आणि जमिनीवर बसून डोळे मिटले. दार वाऱ्यासाठी उघडंच ठेवलं.

शेजारच्या सिप्पोराबाई विरजण मागायला आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या. आरसा झाकलेला, माणूस अनवाणी जमिनीवर, तोंडाला कुलूप. बेने इस्रायलांच्या, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या, घरात याचा अर्थ एकच, कुणीतरी गेलं. आणि दुखवट्यातला माणूस स्वतः बोलेपर्यंत भेटायला आलेल्याने तोंड उघडायचं नाही, हा रिवाज. तिथे त्यांनी तो पाळला. गल्लीत पाळला नाही.

थोड्या वेळाने एलिएझरने एक डोळा किलकिला केला. समोर अर्धी आळी बसलेली! सिनेगॉगचा कारभार बघणारे मुकादम हायमकाका तर टोपी सारखी करून अगदी पुढेच. 'लक्षच दिलं नाही तर जातील,' असा हिशेब करून त्याने डोळा मिटला. 'बोलत नाही, म्हणजे घाव खोल आहे,' असा हिशेब करून मंडळी आणखी सरसावून बसली.

बाहेर ओट्यावर कुजबुज चालू होती.

"पण गेलं कोण?"

"मिल्का आपट्याला धावली ना? म्हणजे तिची आई. बथशेबाबाई!"

"सासूसाठी एवढं? डोळे बघा कसे घट्ट मिटलेत."

"दातही खातोय."

"दुःख आत गेलं की असंच होतं हो."

तेवढ्यात सिप्पोराबाई उकडलेली अंडी घेऊन आल्या. दुखवट्याचं पहिलं अन्न शेजाऱ्याने द्यायचं. त्यांनी एक अंडं हळुवारपणे एलिएझरच्या ओठांना लावलं.

"अरे, मेलंय का कुणी इथं?" एलिएझर कडाडला.

सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. हायमकाका म्हणाले, "तेच तर विचारायचंय बाबा! सासूबाई कधी गेल्या?"

"कुठे गेल्या?"

दाराशी टांगा थांबला. मिल्का आत आली. गर्दी, अंडी आणि आरशावरचं आपलं लुगडं पाहून तिच्या हातातलं बोचकं खाली पडलं. "अहो, काय झालं तुम्हाला?"

"मला काही नाही. हे म्हणतात, तुझी आई वारली!"

"कोण वारली?" मागून बथशेबाबाईच आत आल्या.

सगळा उलगडा व्हायला वेळ लागला नाही. बाईंनी तो अर्धाच ऐकला. आपल्या दुखवट्याला कोण कोण आलं, याची त्या हजेरी घेत होत्या.

"माझा भाचा सॉल नाही आला?"

"पेणला गेलाय, मावशी."

"पेण काय विलायतेत आहे? बरं, रडलं कोण?"

सगळे अंड्यांकडे पाहू लागले. सिप्पोराबाईंनी सावरलं, "जावयांच्या तोंडून तर शब्द फुटत नव्हता हो!"

बथशेबाबाईंचे डोळे भरून आले. "आणि मी यांना आजवर दगड म्हणत होते!"

"नाही, म्हणजे मी..." एलिएझरने सुरुवात केली. मिल्काने नुसतं पाहिलं. लग्नानंतर पहिल्यांदाच आई नवऱ्याबद्दल बरं बोलत होती. एलिएझरने वाक्य गिळलं.

"तोंड बघा कसं लालबुंद झालंय," बथशेबाबाई पदर खोचत म्हणाल्या. "आमच्या ह्यांचं अस्संच व्हायचं. ब्लडप्रेशर! मिल्का, माझी ट्रंक आत घे, महिनाभर मीच रांधते. आणि ती मिठाची बरणी आधी माझ्या ताब्यात दे."