सुटे पैसे

टेबलाचा चौथा पाय बसवून होत आला तरी, ते घेऊन आलेल्या दोघांना टिप द्यायची की नाही, हे वीरण्णांचं ठरेना.

वीरण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यात त्यांनी छडी, शिक्षा, शाबासकी सगळं दिलं होतं, टिप मात्र कधी दिली नव्हती. कुणाच्या हातावर किती ठेवायचे, हे त्यांची बायको अंबिका बघायची. गॅस सिलिंडरवाला, लाईटवाला, दिवाळीला येणारा पोस्टमन, सगळ्यांचं तिला ठाऊक. तिला जाऊन चौदा महिने झाले होते आणि तेव्हापासून वीरण्णा खानावळीतून डबा आणायचे, घरी असं कुणी आलंच नव्हतं.

टेबलही त्यांनी मागवलं नव्हतं. हैदराबादला असलेल्या रविकिरणने व्हिडिओ कॉलवर वडिलांना पलंगावर पेपर पसरून जेवताना पाहिलं आणि चौथ्या दिवशी लातूरला टेबल पाठवून दिलं. सहा खुर्च्यांचं.

"सहा कशाला रे?" वीरण्णांनी विचारलं होतं.

"अप्पा, आम्ही सणाला येतो की."

मागच्या सणाला त्याला सुट्टी मिळाली नव्हती, याची वीरण्णांनी त्याला आठवण करून दिली नाही.

आता ते स्वयंपाकघरात गेले आणि हळू आवाजात मुलाला फोन लावला. "रविकिरण, यांना काही द्यायचं असतं का?"

"काही नाही अप्पा. डिलिव्हरी चार्ज त्यातच धरलाय. मी मीटिंगमध्ये आहे, ठेवतो."

वीरण्णा परत बाहेरच्या खोलीत आले. दोघांपैकी वयाने मोठा आनंदराज पालथ्या घातलेल्या टेबलावर मान वाकवून नट पिळत होता. जाडजूड मन्मथ खुर्च्यांचे पुठ्ठे सोडवत होता.

"काका, घरात कोण कोण असतंय?" मन्मथने सहज विचारलं.

"मीच."

मन्मथने सहा खुर्च्यांकडे पाहिलं. उठून त्याने एक खुर्ची खिडकीजवळ लावली. "ही तुमची. हिथं वारं लागतंय."

झालं! एवढं बोलल्यावर काही न देणं वीरण्णांना बरं दिसेना. पाकीट उघडलं तर पाचशेची एकच नोट. पाचशे द्यावेत तर फार, आणि "यातले तीनशे परत द्या" म्हणावं तर त्याहून लाजिरवाणं. सुटे आणून गुपचूप हातात ठेवावेत, असं ठरवून त्यांनी पायांत चपला सरकवल्या. दार ओढलं, कडी घातली, कुलूप लावलं, नेहमीसारखं दोनदा ओढून पाहिलं आणि निघाले.

मेडिकलवाल्याकडे सुटे नव्हते. किराणा दुकानात "काही तरी घ्या, मग देतो" म्हणाले, म्हणून काडेपेटी मागितली, तर दुकानदाराने नोट परत केली आणि काडेपेटी तशीच दिली. शेवटी पिठाच्या गिरणीवर सुटे मिळाले, पण तिथे चर्चाच सुरू झाली.

"देऊच नगा मास्तर, सवय लागती," एकजण म्हणाला.

"असं कसं? माणसानं घाम गाळलाय," गिरणीवाला म्हणाला. "दोनशे द्या."

"दोघांत दोनशे का दोघांला दोन-दोनशे?"

वीरण्णांना ही चर्चा आवडली. आपल्या घरी माणसं आहेत, त्यांचं काय करावं, असा विषय बऱ्याच दिवसांनी त्यांच्या वाट्याला आला होता. कुणीतरी चहा सांगितला. पाऊण तास गेला. तेवढ्यात शेजारच्या कमलम्मांचा फोन आला.

"अय्यो मास्तर, कुठं हाव तुमी? तुमच्या घरात चोर शिरलेत! आतून दार बडवायलेत!"

वीरण्णांनी कप खाली ठेवला. "चोर? अहो बाई, आत माझी दोन माणसं हायेत! त्यांना काही करू नगा म्हणावं चोरांना!"

ते धावत सुटले. गिरणीवरचे तिघं मागून पळाले. दारासमोर गल्ली जमली होती. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात क्रिकेटची बॅट, कमलम्मांच्या हातात लाटणं.

"किती जण हायेत?" वीरण्णांनी धापा टाकत विचारलं.

"दोघं! एक तर चांगला दांडगा हाय. खिडकीतून हात हलवायला होता."

"आणि माझी दोन माणसं?"

"ती काय दिसली न्हाईत बाई."

वीरण्णांनी कुलपाकडे पाहिलं. कुलूप जसंच्या तसं होतं. चोर कुलूप न फोडता आत गेले कसे, हा प्रश्न त्यांना पडला आणि त्याचं उत्तर हळूहळू पायांपासून वर चढत कानांपर्यंत गेलं. कान लाल झाले. त्यांनी खिशातून किल्ली काढली.

दार उघडलं. समोर घामाघूम मन्मथ, त्याच्यामागे हातात पान्हा घेतलेला आनंदराज. गल्लीने काठ्या उगारल्या.

"थांबा!" वीरण्णा ओरडले. "हीच माझी माणसं हायेत!"

"मग त्यांना कोंडलं कामून?" कमलम्मांनी विचारलं.

बाहेर जाताना घरात कुणी असतं, ही गोष्टच वीरण्णा विसरून गेले होते. पण हे गल्लीसमोर कसं सांगणार? "सवय," एवढंच ते म्हणाले. कमलम्मांनी लाटणं खाली केलं.

गल्ली पांगली. वीरण्णांनी घाईघाईने नोटा पुढे केल्या. "माफ करा. एक फोन तरी करायचा."

"पावतीवर तुमच्या पोराचा लंबर हाय काका," आनंदराज म्हणाला. "तीनदा लावला. त्यानं कापला. मग 'मीटिंगमध्ये आहे' असा मेसेज धाडला. आन पैशाचं ऱ्हाऊ द्या आता. अहमदपूरला सोफा दोनला द्यायचा व्हता. इथंच एक वाजला."

"मी सांगतो तिथल्या गिऱ्हाइकाला फोनवर."

"आमी सांगितलं की! गिऱ्हाइकानं कोंडून घातलं म्हणलं, तर बाई हसली आन फोन ठिवला. तिनं कंप्लेंट केली की दोघांची आजची हजेरी जाती."



"मग मीच येतो," वीरण्णा म्हणाले. "समोर उभं राहून सांगतो."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मन्मथ म्हणाला, "चला."

टेम्पोत वीरण्णांना मधे जागा मिळाली. गिअर बदलला की आनंदराजचा हात त्यांच्या गुडघ्याला लागायचा आणि तो दर वेळी "सॉरी काका" म्हणायचा. चाकूरपर्यंत त्याने तेरा वेळा सॉरी म्हटलं. चाकूरला रस्त्याकडेला थांबून त्यांनी डबे उघडले. भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी. वीरण्णांनी दोघांच्या डब्यांतून खाल्लं आणि शाळेतल्या तपासणीचे, साहेबांचे, पळून गेलेल्या पोरांचे किस्से सांगितले. बोलताना त्यांचा आवाज मधेच फाटला. एवढं सलग बोलायची घशाला सवय राहिली नव्हती.

अहमदपुरात वर्षाराणी नावाच्या गिऱ्हाईक बाई जिन्यातच कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. वीरण्णांनी वाटेत भाषण तयार केलं होतं. त्यांनी घसा साफ केला.

"बाईसाहेब, मी वीरण्णा, निवृत्त..."

"आधी सोफा वर आणा. मग बोला काय बोलायचं ते."

जिना अरुंद होता. वीरण्णा खाली उभं राहून "डावीकडं घे, अजून थोडं, भिंत सांभाळ" असं सांगत राहिले. मग नुसतं सांगणं बरं दिसेना, म्हणून दोन गाद्या काखेत मारून तेही वर चढले. सोफा जागेवर बसला, गाद्या बसल्या आणि घामेजलेल्या वीरण्णांनी भाषण केलं. चूक सर्वस्वी माझी आहे. मी निवृत्त मुख्याध्यापक आहे. या दोघांना माझ्या घरात मीच कुलूप लावून कोंडलं.

वर्षाराणींनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा मऊ झाला.

"बाबा, ह्या वयात हमाली, आन वरून ह्यांच्यासाठी खोटं बोलायलाव?" त्यांनी पर्समधून पन्नासची नोट काढली आणि वीरण्णांच्या हातात कोंबली. "ही तुमाला. ह्या दोघांना न्हाई, उशिरा आलेत. कंप्लेंट करत न्हाई, जावा."

"अहो, मी खरंच..."

मन्मथने मागून त्यांचा सदरा ओढला. वीरण्णांनी मूठ मिटली आणि ते जिना उतरले. अपमान वाटतो का, हे ते पायरी-पायरीला तपासून पाहत होते. शेवटच्या पायरीपर्यंत काही वाटला नाही.

त्या पन्नासात एसटी स्टँडसमोर तीन चहा आणि एक प्लेट भजी आली.

परतताना सूर्य कलला होता. गल्लीच्या तोंडाशी उतरल्यावर वीरण्णांनी पुन्हा नोटा काढल्या. "आता तरी घ्या."

आनंदराजने त्यांचा हात मागे सारला. "काका, संगं काम केलेल्याची टिप कोण घेतंय का?"

वीरण्णा तिथेच उभे राहिले. टेम्पो सुरू होता. "उद्या कुठं जायलाव?"

"निलंगा. कपाट हाय. जड हाय."

"किती वाजता?"

"आठला."

वीरण्णांनी जरा विचार केला. "मी साडेसातला इथं उभा राहिलो तर?"

आनंदराज हसला. मन्मथने मात्र खिडकीतून डोकं बाहेर काढून गंभीरपणे सांगितलं, "या. पण डबा आपापला आणायचा. रोज-रोज वाटून खाणं परवडत न्हाई."

टेम्पो वळणावर दिसेनासा झाला. वीरण्णा घरी न जाता आधी शेजारच्या दारात गेले. कमलम्मा तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"आता काय झालं मास्तर?"

"काही न्हाई," वीरण्णा म्हणाले. "भाकरीचं पीठ गरम पाण्यात मळतेत का गार?"