प्रेमदासचा गहिवर

“दुसरा नंबर, प्रेमदास. पयला कोन हाय ते थोड्या वेळानं सांगतो.”

कारंज्याच्या शाळेच्या मैदानावर भोंग्यातून येणारा बंडूजींचा हा आवाज मला अजून ऐकू येतो. शर्यत सुरू व्हायला तेव्हा पाच मिनिटं अवकाश असे.

शर्यत म्हटली की कोणीतरी दुसरं यावंच लागतं, त्याशिवाय पहिल्याला शोभा नाही. परंतु दुसरं येण्याची जबाबदारी एकाच माणसानं वर्षानुवर्षं, कुरकुर न करता, उचलल्याचं उदाहरण आमच्या तालुक्याबाहेर आढळत नाही. मैदानी खेळ मंडळाचा सेक्रेटरी या नात्यानं सर्व कागदपत्रं माझ्याकडे असल्यामुळे हे मी अधिकारानं सांगू शकतो.

सव्वीस जानेवारीला आम्ही वीस किलोमीटरची शर्यत घेत असू. शाळेपासून हमरस्त्यानं नागपूरच्या दिशेला दहा किलोमीटर जायचं, चुन्याच्या खुणेला वळसा घालून परत यायचं. (ट्रकवाल्यांना आगाऊ कळवलं जाई. ते हात हलवून धूर सोडत.) पहिला येईल त्याला चौथ्या दिवशी नागपूरच्या विभागीय शर्यतीला पाठवायचं. तिथं जो चमकला त्याला पोलीस भरतीत वशिल्यावाचून उभं राहता येई, अशी वदंता होती. पंचविशी उलटली की ती वदंताही लागू होत नसे.

शर्यतीच्या फॉर्मवर नाव, गाव, वय यांखाली एक रकाना होता: “दमा, खोकला वा श्वासाचा अन्य त्रास आहे काय? (‘नाही’ असे लिहावे.)” कंसातली सूचना उमेदवारांच्या सोयीसाठी होती, कारण पहिल्या वर्षी अकरा जणांनी हा रकाना विचार करत कोरा ठेवला होता. सूचना छापल्यापासून तालुक्यातल्या धावपटूंमधून श्वासाचे विकार समूळ नाहीसे झाले.

सत्याहत्तर साली प्रेमदास पहिला आला. अठरा-एकोणीस वर्षांचा, कोरडवाहू तीन एकरांतला पोरगा. तो धावायचा तेव्हा रस्त्याला त्याचे पाय लागत नसत, नुसता पायांचा निरोप लागे. रेषा ओलांडताच अध्यक्ष बबनरावांनी रिवाजाप्रमाणे मूठभर गुलाल त्याच्या तोंडावर उधळला. मागोमाग इतर सभासदांनी उधळला. प्रेमदास शाळेच्या बाकावर बसला तो दोन तास उठला नाही. खांदे वरखाली होत होते, डोळ्यांतून पाणी, तोंडातून शब्द नाही. मंडळाच्या इतिवृत्तात नोंद आहे: “विजेत्यास गहिवर अनावर झाला.” तो गहिवर आठ दिवस ओसरला नाही, म्हणून नागपूरला दुसऱ्या आलेल्या हिरालालला पाठवावं लागलं. हिरालाल तिथं एक्केचाळिसावा आला.

अठ्ठ्याहत्तरपासून प्रेमदास दुसरा येऊ लागला. साडेएकोणीस किलोमीटर सर्वांच्या पुढे, आणि मैदानात शिरल्यावर त्याची चाल अशी मंदावे की जणू पाहुण्यांच्या घरी चालला आहे. हिरालाल धापा टाकत बाजूनं निघून जाई.

मंडळानं हा प्रश्न गांभीर्यानं घेतला. तीन सदस्यांची समिती नेमली. तिनं आधी भिजवलेले चणे सुचवले, मग तालमीच्या उस्तादाकडून मालीश, मग वर्ध्याच्या एका ज्योतिषाकडून कुंडलीची तपासणी. शेवटी बबनरावांनीच मुळाला हात घातला. ते म्हणाले, “पोट्ट्याले पयलं येऊन मिळते काय? मूठभर गुलाल. मन कसं लागंन त्याचं? मान वाढवा.”

तेव्हापासून आम्ही मान वाढवत गेलो. एकोणऐंशीला एक किलो गुलाल, त्या वर्षी प्रेमदास रेषेपासून दहा फुटांवर मंदावला. ऐंशीत साडेतीन किलो, चाळीस फूट. ब्याऐंशीत सात किलो, आणि तो थेट पिठाच्या गिरणीपासूनच चालू लागला. मान आणि अंतर यांचा इतका सरळ संबंध पाहून समितीनं निष्कर्ष काढला की मान अजूनही कमी पडतो आहे.

त्र्याऐंशीसाठी अकरा किलो आला. प्रेमदास चोवीस पूर्ण करून पंचविशीत शिरला होता. त्याची आई रुख्मिणीबाई फॉर्म द्यायच्या दिवशी सोबत आली, कोपऱ्यात उभी राहून एवढंच म्हणाली, “सेक्रेटरी साहेब, या वर्षी तरी जाऊ द्या नं जी त्याले नागपूरले.” जसं काही आम्हीच त्याला अडवून धरलं होतं. मी हसून तिला चहा पाजला.

आणि शर्यतीच्या दिवशी ते झालं. प्रेमदास मैदानात पहिला शिरला, मंदावला, रेषेच्या तीन पावलं अलीकडे थांबला. मागून हिरालाल आला, आणि तोही थांबला.

“जा नं बाप्पा,” प्रेमदास म्हणाला.

“मी नाई जात. तू जाय.”

“काऊन?”

“सहा वर्षं तुया जागेवर नागपूरले जाऊन राह्यलो मी. तिथले लोक ओळखतेत आता मले. म्हनतेत, आले एक्केचाळीस नंबरवाले.” हिरालालनं कपाळावरचा घाम निपटला. “अन् तुले सांगतो, नागपूरले गुलाल-गिलाल काही उधळत नाई. कागद देतेत हातात, बस.”

प्रेमदासनं त्याच्याकडे पाहिलं. तिसरा धावपटू अजून ढाब्यापाशी होता. भोंग्यावर बंडूजी प्रथमच गप्प होते. रेषेपलीकडे बबनराव मूठ भरून, हात खांद्याच्या मागे नेऊन उभे. त्या अवस्थेत त्यांना साधारण चार मिनिटं काढावी लागली. (वय एकसष्ट.)

“बबनरावजी,” प्रेमदास हळूच म्हणाला, “मले गुलालाचा दम लागते जी. पयल्या वर्षापासून. नाकात गेला का छाती बंद होते.”

“म्हंजे दमा हाय तुले?”

“धावताना नाई. गुलालानंच.”

वीस किलोमीटर धावून आलेल्या माणसाला दमेकरी ठरवण्याची नियमात सोय नव्हती. बबनरावांनी मान वळवून मुठीकडे पाहिलं. मग म्हणाले, “येवढी वर्षं काऊन नाई बोलला, बावा?”

“तुमी लय खूश दिसत होते जी. मन नाई झालं.”

बबनरावांचा हात खाली आला. मूठ न उघडता ते शाळेच्या हौदापर्यंत चालत गेले, मूठ पाण्याखाली नेली आणि तिथं सोडली. पाणी संध्याकाळच्या ढगासारखं लाल झालं. प्रेमदासनं तीन पावलं टाकली. टाळ्या वाजल्या, पण जरा जपून, कोणी हात झटकल्यासारख्या. पांढरं बनियन पांढरंच राहिलेला आमचा तो पहिला विजेता.

ओला हात धोतराला पुसत बबनराव परत आले आणि माझ्यासमोर थांबले.

“सेक्रेटरी, समदे चकित झाले. तुमी नाई झाले. तुमाले मालूम होतं काय?”

(वाचकांनी इथं माझ्याकडे असं पाहू नये. तुम्हाला तर त्या बाकापाशीच सगळं कळलं होतं, आणि तरी किलोंचा हिशेब तुम्ही हसत हसत इथवर वाचत आलात. मला निदान इतिवृत्त लिहायचं काम होतं.)

“होतं,” मी म्हणालो. “सत्याहत्तरपासून. त्याच्या पाठीवर हात ठेवून मीच बसलो होतो, भाऊ. दूर कोणाच्या घरी जातं फिरावं, तशी त्याची छाती घरघरत होती. गहिवर मी माझ्याच मनानं लिहिला.”